वाचकांचे प्रश्न : गौरीजेवणाची पंचवीस पानं

यंदा सासूबाईंकडच्या गौरी पहिल्यांदाच आमच्या घरी येताहेत. नैवेद्य दुपारी होईल, पण पाहुणे नोकरदार, त्यामुळे पंचवीस पानं रात्री आठला. करणाऱ्या आम्ही दोघी आणि तीन शेगड्यांचा गॅस. किती करावं आणि आदल्या दिवशी काय उरकावं? (पुणे)

आधी शेगड्या मोजल्यात हे फार चांगलं केलंत. बहुतेक घरांत आधी पदार्थ ठरतात आणि मग साडेसातला तिन्ही शेगड्या अडलेल्या असतात. पुरणपोळी, कटाची आमटी, वरणभात, मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूवडी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत आणि ओली चटणी एवढं पान भरगच्च होतं. सोळा भाज्यांचा नेम असेल तर सोळा भाज्यांची थोडी-थोडी मिळून एकच मिसळ भाजी करायची. पुष्कळ घरांत तशीच पद्धत आहे.

माणशी दीड पोळी धरा. सव्वा किलो हरभराडाळ, तेवढाच गूळ आणि एक किलो कणीक, यात मध्यम आकाराच्या चाळीसेक पोळ्या होतात. पोळीवर हात सैल सोडून वाढायचं तर साजूक तूप पाऊण किलो हवं. मसालेभाताला कोलम एक किलो आणि तोंडली पाऊण किलो. साध्या भाताला तांदूळ पाऊण किलोच घ्या, कारण पहिली मूद झाली की पुढे सगळे मसालेभाताकडेच वळतात. वरणाला तूरडाळ अर्धा किलो, बटाटे अडीच किलो, काकडी दीड किलो आणि तिला दाण्याचं कूट दीडशे ग्रॅम. अळूची मध्यम पानं चोवीस आणि बेसन अर्धा किलो. सहा पानांचा एक असे चार उंडे, प्रत्येकाच्या बारा-तेरा वड्या, म्हणजे माणशी दोन. अळूच्या पिठात चिंचेचा कोळ कमी पडला तर घसा खवखवतो, तिथे काटकसर नको.

आवाहनाच्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांपुरतं पुरण शिजवून, वाटून फ्रीजमध्ये ठेवा. अळूचे उंडे वीस मिनिटं वाफवून, गार करून, न कापता झाकून ठेवा. नारळ खवून ठेवा, कूट करून ठेवा, पंचामृतही करा. ते दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. नैवेद्याचं पुरण मात्र पूजेच्या दिवशी सकाळी ताजं, वेगळं. वाटीभर डाळ त्याला पुरते.

पूजेच्या दिवशी चारला कणीक भिजवा आणि त्याच वेळी पुरण बाहेर काढा. फ्रीजमधलं घट्ट पुरण तसंच भरलं तर कणीक फाटते. साडेपाचला दोन तवे चढवा. एका पोळीला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे एका तव्यावर चाळीस पोळ्यांना अडीच तास, दोन तव्यांवर सव्वा तास. पोळ्या सुती कापडावर एकेक पसरून वाफ जाऊ द्या, मगच रचा. गरम पोळ्या डब्यात झाकल्या की घाम धरून चिकटतात. पोळी कोमट असली तरी चालते, वर तूप पडतंच. म्हणून पोळ्या सातच्या आत संपवायच्या आणि सातनंतर शेगड्या भात, आमटी आणि भाजीला मोकळ्या ठेवायच्या. वड्या पानं मांडली की कापून तळायला घ्या, आधी तळलेल्या मऊ पडतात.

पोळी लाटताना फुटते, नाहीतर पुरण एका बाजूला गोळा होतं आणि कडा कोरड्या राहतात. (सोलापूर)

पुरण चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळून पाहा. डाळीची एक कणी जरी बोटाला लागली तरी लाटताना तीच कणी कणीक टोचते आणि पोळी तिथेच फुटते. डाळ दोन-तीन तास भिजवून बोटांनी सहज चिरडेपर्यंत शिजवा, गूळ त्यानंतरच. आधी गूळ पडला तर डाळ पुढे शिजतच नाही, कितीही वेळ ठेवा. कट निथळताना घाई करू नका, चाळणीत पाणी राहिलं की पुरण सैल होतं. गूळ घातल्यावर ते पातळ होतं, मग आटत जातं. मध्ये खोचलेलं उलथनं सरळ उभं राहिलं की गॅस बंद करून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार पुरण यंत्राला जड जातं आणि कण्या मागे राहतात.

कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी. बारीक चाळणीने चाळून घ्या, मीठ आणि किलोला पाऊण वाटी तेल घालून सैलसर भिजवा, दीड-दोन तास ठेवा आणि पुन्हा तेलाच्या हाताने तिंबा. पुरण आणि कणीक यांचा मऊपणा सारखा असेल तर दोन्ही बरोबर पसरतात. कणीक घट्ट असली की पुरण मागे राहतं, तुमच्या कोरड्या कडा त्यामुळेच. पुरण कणकेच्या दुप्पट घ्या, तोंड बंद करून वर राहिलेलं टोक खुडून टाका, तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने आधी कडा लाटा आणि मध्य शेवटी.

दुपारी केलेली कटाची आमटी रात्रीपर्यंत आंबली. उकळून वाढावी का? (नाशिक)

वाढू नये. कटात डाळीचा पिठूळ अंश असतो, वर नारळाचं वाटण, आणि भाद्रपदातली दमट हवा. पाच-सहा तासांत तो आंबतोच. कट निथळल्यावर एकदा उकळा, परातीतल्या गार पाण्यात पातेलं ठेवून निववा आणि फ्रीजमध्ये टाका. फोडणी, चिंच, गूळ, गोडा मसाला आणि वाटण संध्याकाळीच. मूठभर पुरण राखून ठेवा, ते आमटीत घातलं की तिला अंग येतं.

दुपारच्या भाताचंही तेच. दिवसभर ओट्यावर राहिलेल्या भातात काही जिवाणू विष तयार करतात आणि ते पुन्हा तापवूनही जात नाही. नैवेद्याचा भात दुपारीच संपेल एवढाच करा, रात्रीसाठी नवा लावा.

केळीच्या पानावर वाढायचं आहे. काय कुठे? (ठाणे)

पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, पंचामृत. उजवीकडे भाज्या, वडी, आणि आमटीची वाटी. पानाखाली ताट ठेवा, नाहीतर वरण घरंगळतं. साध्या भाताची मूद मध्ये, वर वरण, आणि तूप सगळ्यांत शेवटी, माणसं पानावर बसल्यावर.