आधी तिला लिही

बाळा,

परवा तलावपाळीवर म्हणालास, "मी काहीच केलं नाही, नुसता ग्रुपमध्ये होतो." तुझा चेहरा उतरलेला पाहून गप्प बसले. आता बोलते.

रोज ऐरोलीला तू आणि ती मुलगी लोकलच्या एकाच डब्यात चढायचात. आता ती लेडीजमध्ये जाते आणि तू फोनमध्ये डोकं घालतोस. तुमच्या ग्रुपवर फिरलेलं तिच्या नावाचं खोटं अकाउंट कुणी काढलं, हे तिला ठाऊक नसेल. ते बघून कोण कोण गप्प बसलं, ते मात्र तिला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून आधी तिला लिही. "मी ते पाहिलं, मला पटलेलं नाही. घरी सांगायचं असेल तर सोबत येतो." बस. उत्तर आलं नाही तरी चालेल. ग्रुपवर भाषण ठोकू नकोस, आधी तिला.

मग स्क्रीनशॉट काढ, तारीख-वेळ दिसेल असे. युजरनेम लिहून ठेव, ते लोक बदलतात. सगळं तिच्याकडे दे, इतर कुणाकडे नाही. पण उद्या कुणी तिचा अश्लील फोटो बनवून टाकला, तर तो सेव्हसुद्धा करू नकोस. ती अजून अठराची नाही. आयटी कायद्याच्या 67ब कलमाखाली असा फोटो डाऊनलोड करणं हाच गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. मुलांची हेल्पलाईन 1098.

आणि ग्रुपवर तिच्यावर मीम टाकणारा तुझा तो मित्र. नववीत त्यालाच सगळे "ढोल्या" म्हणायचे ना? त्याला तोडू नकोस, पण त्याच्या मीमवर हसूही नकोस. एकट्याला गाठून बोल. चारचौघांत बोललास तर आणखी चेकाळेल.

आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत असंच झालं होतं. मी त्या मुलीच्या आईबरोबर पोलीस ठाण्यात गेले. "मुलाचं करिअर घालवलंत" हे अजून ऐकते. गणपतीत आरतीला बोलावत नाहीत. न बोलावोत. परत तेच करीन. मला सल वेगळीच आहे: तोवर तिच्या वर्गातलं एकही पोर तिच्याशी बोललं नव्हतं. एकही नाही! मोठी माणसं नंतर कितीही धावली तरी ती जागा भरत नाही रे.

तू विचारलंस, ग्रुप सोडू का? सोडशील तर तुझं मन हलकं होईल, तिचं काय? आधी तिला लिही. मग इकडे ये, मित्राशी काय बोलायचं ते बसून ठरवू.

तुझी,
मावशी