आधी शाफ्टची रेघ मार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे सर म्हणतात, विमानाचं रेडियल इंजिन, म्हणजे शाफ्टभोवती चांदणीसारखे सिलिंडर असलेलं, गाडीत बसवणं म्हणजे वेडेपणा. आणि मोबाईलवर तू तशी गाडी धावताना पाहिलीस. खरं कोणाचं, असं विचारतेस. दोघांचंही राहू दे. शाफ्टची रेघ मारलीस का, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा कुठल्या उंचीवरून चाकांपर्यंत जाणार ती? तुझ्या रिपोर्टात हॉर्सपॉवर पानोपानी आहे, ती रेघ मात्र कुठेच नाही.

राइट आर-९७५ हे विमानाचं रेडियल घे. नऊ सिलिंडर, व्यास ४५ इंच, म्हणजे ११४ सेंटिमीटर. क्रँकशाफ्ट बरोब्बर मधोमध. खालचा सिलिंडर रस्त्यापासून १७ सेंटिमीटर वर ठेवलास, तरी शाफ्ट ७४ वर जातो. साध्या गाडीच्या चाकाचा मध्य तिशीच्या आसपास. मधलं अंतर कशाने उतरणार आहेस?

शर्मन रणगाड्यात हेच इंजिन मागे होतं आणि गिअरबॉक्स पुढे. शाफ्ट उंचावरून, बुरुजाच्या खालून पुढे न्यावा लागला, आणि रणगाडा पावणेतीन मीटर उंच झाला. पुढे हेलकॅट या रणगाडे फोडणाऱ्या गाडीत तेच इंजिन बसवलं, पण मध्ये गिअर घालून शाफ्ट खाली उतरवला. इंजिन तेच, फक्त रेघ बदलली आणि धड बसकं झालं.

आडवं झोपवते, म्हणशील. अमेरिकेत ॲडम्स-फारवेल या गाड्यांच्या कंपनीने शंभर वर्षांपूर्वीच झोपवलं होतं. शाफ्ट उभा, आणि सिलिंडरच त्याच्याभोवती गरगर फिरायचे. त्या गाड्या विकल्याही गेल्या. म्हणजे वेडेपणा म्हणून हात झटकता येत नाहीत, हे तुझ्या सरांना सांग. (माझं नाव नको सांगूस.)

१९३५ची मोनाको-त्रोस्सी ही शर्यतीची गाडी मात्र नीट अभ्यास. सोळा सिलिंडरचं टू-स्ट्रोक रेडियल, अडीचशे हॉर्सपॉवर, पण इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे. पाऊण वजन नाकावर. इटलीत मोंझाच्या ट्रॅकवर सरावात गाडी वळेना, शर्यतीत उतरलीच नाही. ताकद कमी होती का? रेघ चुकली होती.

आणि अमेरिकेतला गाड्या बनवणारा टकर? १९४८ साली त्याने हेलिकॉप्टरचं फ्रँकलिन इंजिन घेतलं, पण ते सपाट सहा सिलिंडरचं. शाफ्ट आपसूक खाली. एअर-कूल्ड होतं, त्याला पाणी खेळवलं आणि काम झालं. गाडीत विमानाचं इंजिन चालतं की नाही हा तुझा प्रश्नच अर्धवट आहे, अगं!

हवेचंही सांगतो. प्रोपेलर काढलास की थंड करणारा झोत गेला आणि फ्लायव्हीलही गेलं, कारण इंजिनाचे झटके सपाट करणारं जड चाक म्हणजे तो प्रोपेलरच. सिग्नलला उभ्या गाडीत सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे थंड करणाऱ्या पात्यांवर, वारा कोण घालणार? शर्मनला भलामोठा पंखा लावावा लागला होता.

नोकरीत असताना मीही एक ड्रॉइंग केलं होतं. ट्रकच्या चासीवर रेडियल, आणि शाफ्ट खाली आणायला तेलात बुडालेली दुहेरी चेन. वरिष्ठांनी गुंडाळी न उलगडताच परत दिली, दुसरे उद्योग नाहीत का म्हणाले. मी गप्प राहिलो, ते अजून सलतं. चेन तुटली असती असं नंतर बरेच जण म्हणाले. नसती तुटली. टॉर्क दीडपट धरला होता मी! त्यांच्यापैकी एकानेही रेघ मारून पाहिली नव्हती, आणि माझी मिलिमीटरपर्यंत बरोबर होती. आजही आहे.

तेव्हा कारचा नाद सोड, जुन्या ट्रकची चासी बघ. ती उंच असते, अर्धं भांडण तिथेच मिटतं. रस्त्यावर काढू नकोस, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घे. कॉलेजच्या मैदानात चालव. आणि इंजिन मिळालंच, तर स्टार्टरला हात लावण्याआधी खालच्या सिलिंडरांचे प्लग काढून शाफ्ट हाताने पूर्ण फिरवा. बंद पडून असलेल्या इंजिनात तेल झिरपून तिथेच साचतं, आणि तेल दाबलं जात नाही. विसरलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल, आणि तो बाजारात सुटा मिळत नाही.

तुझा,
काका