कॅनडा-अमेरिका सीमेवर सेंट लॉरेन्स नदीत असलेल्या थाउजंड आयलंड्स या बेटसमूहात बोटीची फेरी करणार असल्यास तिथल्या ‘थाउजंड आयलंड्स टॉवर’ या निरीक्षण मनोऱ्यावर वेगळे जावे का? तेथे जाण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो का?

व्हिसाचे आधी सांगतो: तो लागत नाही. मनोरा हिल आयलंड या बेटावर आहे आणि ते बेट कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात येते. ४०१ क्रमांकाचा महामार्ग सोडून, १९३८ मध्ये खुल्या झालेल्या आंतरराष्ट्रीय पुलाचा केवळ कॅनडाकडील भाग टोल भरून ओलांडायचा असतो. मात्र बेटावर पोहोचताच मनोऱ्याच्या पाटीवर लक्ष ठेवावे, कारण तोच रस्ता सरळ अमेरिकेच्या तपासणी नाक्यावर जातो आणि ‘चुकून आलो’ हे तेथे समजावत बसणे मुळीच सुखाचे नसते.

मनोऱ्यावर अवश्य जावे, आणि माझ्या मते बोटीच्या आधी जावे. बोटीतून सेंट लॉरेन्स नदी सलग दिसतच नाही. एका बेटाआडून दुसरे पुढे येते आणि समोरचा काठ म्हणजे मुख्य भूमी की आणखी एखादे बेट, हेही कळेनासे होते. सुमारे ४०० फूट उंचीवरून हा गुंता सुटतो. उत्तरेकडील कॅनेडियन शील्ड हा विस्तीर्ण खडकाळ प्रदेश आणि दक्षिणेकडील ॲडिरॉन्डॅक पर्वत यांना जोडणारा प्राचीन खडकाचा पट्टा येथे नदीला आडवा जातो. हिमनद्यांनी घासलेले त्याचे माथे पाण्याबाहेर राहिले, तीच ही बेटे. त्यांची संख्या १,८६४ सांगतात, आणि वर्षभर पाण्यावर राहून झाड जगवणारा खडकच त्यात धरला जातो. काही बेटांवर घर, चार झाडे आणि बोट बांधायचा धक्का एवढ्यानेच जागा संपते. अंगण म्हणून उरतो तो उघडा, गुलाबी झाक असलेला खडक.

वर लिफ्टने जाता येते. उघड्या सज्जावर वारा जोरात असतो, त्यामुळे उन्हाळ्यातही जाकीट जवळ असू द्यावे. हिवाळ्यात मनोरा बंद असतो. पानांचे रंग पाहायचे असतील, तर ऑक्टोबरचा पूर्वार्ध उत्तम.

व्हिसाचा खरा प्रश्न बोटीच्या फेरीत येतो. वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलचे जॉर्ज बोल्ट यांनी पत्नीसाठी बांधायला घेतलेला आणि १९०४ मध्ये तिच्या निधनानंतर अर्धवट सोडलेला बोल्ट कॅसल अमेरिकेच्या हद्दीत आहे. तेथे उतरायचे असल्यास भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा हवाच. म्हणून तिकीट काढताना फेरी तेथे थांबते की नुसता वळसा घालून परतते, हे विचारून घ्यावे.