परदेशी सहकारी मुंबईत राहायला येतेय. तिने टॅक्सीने कसं फिरावं?

तुम्ही लिहिलंय की तुमची फ्रेंच सहकारी दोन वर्षांसाठी मुंबईत येतेय, घर प्रभादेवीला, ऑफिस बीकेसीत म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, आणि टॅक्सीवाले तिला लुबाडतील अशी तुम्हाला काळजी आहे. माझा जावई डच आहे. लग्नानंतर दोघं इथेच दादरला राहिले, म्हणून सांगते: लुबाडण्याची भीती जरा जास्तच घेतलीत तुम्ही. इथली काळी-पिवळी अजूनही मीटरवर चालते. खरी पंचाईत होते ती कुठे जायचंय हे ड्रायव्हरला कळेल असं सांगताना.

पैशांचं आधी उरकते. १ फेब्रुवारी २०२५पासून टॅक्सीचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे, रिक्षाचं २६. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. सी लिंकवरून गेलं तर टोल आपण भरायचा, त्यात फसवणूक काही नाही. बसताना मीटर टाकलाय का एवढं बघायचं. गेटवेसमोर नाहीतर मोठ्या हॉटेलांबाहेर उभे असलेले काही जण मात्र गोरा चेहरा दिसला की ‘इतके द्या’ म्हणून आकडा सांगतात. तिथे घासाघीस करत बसू नये. थोडं पुढे चालत जाऊन रस्त्यावरची चालती टॅक्सी थांबवावी. एअरपोर्टवर प्रीपेडचं काउंटर आहे.

नकाराबद्दल तिला आधीच सांगून ठेवा. तीन टॅक्सीवाले मान हलवून निघून गेले की परदेशी माणसाला वाटतं, आपल्याला बघून गेले. आमचे जावईबापू सुरुवातीला फार मनाला लावून घ्यायचे. मग एकदा माझ्याबरोबर बाहेर पडले आणि मलाही तसेच नकार मिळालेले पाहून त्यांना चक्क बरं वाटलं! कुणाला जवळचं भाडं नको असतं, कुणाला सीएनजी भरायचा असतो, तर कुणाला पाळी संपवून गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची असते. भाडं नाकारणं नियमाबाहेरचं आहे हे खरं, पण भर रस्त्यात वाद घालून कुणी पोहोचलेलं मी पाहिलं नाही. पुढची बघावी.

रिक्षाचंही एक सांगा. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नाही. बीकेसीतून रिक्षा मिळाली तरी ती प्रभादेवीपर्यंत येणार नाही, आणि ड्रायव्हर उद्धट आहे म्हणून येत नाही असंही नाही.

आता मुख्य गोष्ट. फोनमधला नकाशा दाखवून इंग्रजीत पूर्ण पत्ता वाचू नका म्हणावं. बहुतेक ड्रायव्हर उत्तर प्रदेश-बिहारकडचे, वर्षानुवर्षं इथे गाडी चालवणारे. त्यांच्या डोक्यात शहर खुणांनी बसलेलं असतं. पाटीवर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग असला तरी बोलताना पेडर रोडच. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणालात तर चेहरा कोरा, लॅमिंग्टन रोड म्हटलं की गाडी वळलीच. फोर्टमधला काळा घोडा तर कमालच. ज्यावरून हे नाव पडलं तो घोडेस्वाराचा पुतळा १९६५ साली तिथून हलवला आणि बिनस्वाराचा नवा घोडा बसवला २०१७ साली. मधली सगळी वर्षं लोक नसलेल्या घोड्यापाशी बिनचूक उतरत होते. तेव्हा आधी मोठा भाग सांगायचा, मग देऊळ, सिनेमा, स्टेशन, सिग्नल असं काहीतरी, आणि बिल्डिंगचं नाव अगदी शेवटी. घर सिद्धिविनायकाच्या कुठल्या बाजूला आहे ते कळवलंत तर तिने कुठली खूण सांगावी तेही सांगेन. ‘सीधा’, ‘सिग्नल से लेफ्ट’, ‘बस, यहीं साइड में’ एवढ्या हिंदीवर आमच्या जावयाचं पहिलं वर्ष निभावलं.

ॲपवरून गाडी बोलावली तरी यातून सुटका नाही. गाडी ठरली की लगेच फोन येतो: ‘कहाँ जाना है? कैश या ऑनलाइन?’ ॲपमध्ये सगळं लिहिलेलं असतानाही येतो. तिने गडबडू नये, सरळ वॉचमनच्या हातात फोन द्यावा. मुंबईतले वॉचमन हे काम वाकबगारपणे करतात. ओटीपीसाठी एक ते नऊ आकडे हिंदीत पाठ असलेले बरे. बँक खातं उघडून यूपीआय सुरू होईपर्यंत दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवाव्यात. सकाळी सकाळी पाचशेची नोट काढली की सुट्ट्यांवरून हमखास तोंड वाकडं होतं. टीप अपेक्षित नसते, वरचे चार-पाच रुपये सोडले की झालं.

रात्री एकटी असेल तर बसण्यापूर्वी गाडीचा नंबर घरी कुणाला तरी पाठवावा. माझी मुलगी इथेच वाढलेली, तीही पाठवते.

आणि रोजच्या ऑफिससाठी टॅक्सी मुळात हवी कशाला? मे २०२५पासून भुयारी मेट्रो सिद्धिविनायकहून थेट बीकेसीला जाते. मधे दादर, शितलादेवी, धारावी, एवढीच स्टेशनं. सकाळी माहीमच्या सिग्नलला मीटर पळताना बघत बसण्यापेक्षा ते केव्हाही परवडेल. टॅक्सी रविवारसाठी ठेवा म्हणावं, दक्षिण मुंबईत भटकायला.