ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर रोज ये-जा आहे; मारुतीची ग्रँड विटारा साधी घ्यावी की स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीच्या मोटरवरही चालणारी)?

स्ट्राँग हायब्रिडच घ्या. कापूरबावडीच्या रांगेत इंजिन बंद राहून गाडी मोटरवर सरकते, ब्रेक मारला की बॅटरी भरते. कंपनीने सांगितलेलं हायब्रिडचं मायलेज लिटरला २७.९७ किमी, साध्या मॅन्युअलचं २१.११, प्रत्यक्षात दोन्ही कमी मिळेल, पण ट्रॅफिकमध्ये साधीचं जास्त घटतं. महिना १,००० किमी, मायलेज २० विरुद्ध १२ धरलं तर ३३ लिटर पेट्रोल वाचतं. बहुतेक रनिंग नाशिक हायवेवर असेल तर मात्र हायब्रिडचे जास्तीचे पैसे सहजी वसूल होत नाहीत.

डिकी शोरूममध्ये उघडून बघाच. बॅटरीमुळे ३७३ऐवजी २६५ लिटर उरते, गणपतीला गावी जाताना चौघांच्या बॅगा बसवताना कसरत होते. आणि बॅटरीला हवा देणारी जाळी सामानाने झाकू नका. धूळ साचली तरी बॅटरी तापते, मग इंजिनच जास्त चालतं. सर्व्हिसला ती साफ करून घ्या.