पेटीतली कागदपत्रं : विचारा, सांगतो

प्रश्न : आजी लग्नाआधी काही वर्षं शाळेत शिकवत होती. तिच्या पेटीत नेमणूकपत्रं, पगाराच्या पावत्या, आजोबांची लग्नाआधीची पत्रं, कात्रणं आणि लग्नाचे फोटो गठ्ठे बांधून ठेवलेले आहेत. सगळं तारखेप्रमाणे लावून लॅमिनेट करून घ्यावं का?

उत्तर : लॅमिनेशन मुळीच नको. तापलेलं प्लास्टिक कागदात मुरतं, ते नंतर निघत नाही. आम्लधर्मी कागद आतल्या आत ठिसूळ होतच राहतो.

तारखेप्रमाणे लावण्याचीही घाई करू नका. गठ्ठे आजीनेच बांधले असतील, तर तिने काय कशाबरोबर ठेवलं हीसुद्धा माहितीच आहे. नेमणूकपत्राच्या घडीत आजोबांचं बिनतारखेचं पत्र असेल, तर त्याचा काळ ठरवायला तेवढा एकच धागा हाती असतो. घडी मोडली की तोही गेला. म्हणून गठ्ठा सोडण्याआधी त्याचा फोटो काढा, त्याला क्रमांक द्या. मग प्रत्येक कागदामागे कोपऱ्यात मऊ, २बी पेन्सिलने ३/१, ३/२ (तिसऱ्या गठ्ठ्यातला पहिला, दुसरा कागद) असं लिहा. बॉलपेनची शाई पलीकडे उतरते. लग्नाच्या फोटोंचा क्रमांक फोटोवर न घालता पाकिटावर घाला. तारखांचा क्रम वहीतल्या यादीत लावा. कागद होते तसेच राहू द्या.

गंजलेली टाचणी किंवा स्टेपल ओढलं की कागदाचा तुकडा त्याच्यासोबत येतो. तार आणि कागद यांच्यामध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि स्टेपलचे पाय मागून एकेक करून सरळ करा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो.

तपकिरी झालेल्या शाईची पत्रं मात्र वेगळी काढा; क्रमांकामुळे त्यांची मूळ जागा कळेलच. ही बहुधा लोहयुक्त शाई असते आणि ती कागद खाते. पान उजेडासमोर धरलं तर जाड अक्षरांच्या जागी बारीक भेगा दिसतात. अशा पानाला वाफ, पाणी, इस्त्री काहीही नको. ओलाव्याने शाईतलं लोह पसरतं.

कात्रणं पत्रांना चिकटून ठेवू नका. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर कात्रणाच्याच आकाराचा तपकिरी डाग पाडतं. बाकीच्या कागदांना आम्लमुक्त फोल्डर आणि फोटोंना पॉलिएस्टरची पाकिटं वापरा. पीव्हीसी प्लास्टिकची नको, त्यातून आम्ल सुटतं. खोका माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीलगतही नको.

स्कॅन करताना कागदांना ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), लहान फोटोंना ६०० ठेवा. मागची बाजू कोरी वाटली तरी घ्या. शिक्का, हिशेब, पत्ता बहुतेकदा तिथेच सापडतो.

प्रश्न : प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, नंतरच्या पावतीवर सासरचं. ही एकच बाई हे कसं ठरवायचं? लग्नाच्या महिनाभर आधीचा राजीनामाही सापडला.

उत्तर : दोन्ही नावं एकत्र असलेला कागद शोधा : विवाह नोंदणीचा दाखला, नाव बदलल्याचा अर्ज, सेवापुस्तिकेतली दुरुस्ती. तो नसेल तर जन्मतारीख, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि सही जुळवा. आडनाव बदललं तरी पहिल्या नावाचं वळण सहसा तेच राहतं. यादीत दोन्ही नावं लिहा, नाहीतर पुढे शोधणाऱ्याला अर्धी बाईच सापडेल. अंदाज असेल तिथे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घाला.

राजीनामा दिसला म्हणून घरच्यांनी नोकरी सोडायला लावली असं धरून चालू नका. शिक्षिकेचं लग्न झालं की नोकरी संपते, असा नियमच कित्येक ठिकाणी होता. इंग्लंड-वेल्समध्ये तो १९४४च्या शिक्षण कायद्याने गेला. आयर्लंडमध्ये प्राथमिक शिक्षिकांना १९३४ साली लागू झाला, तो १९५८पर्यंत टिकला. आधी नेमणूकपत्रातल्या अटी बारीक वाचा. लग्नाची अट असते, ती बहुधा तळाशी, लहान अक्षरांत.