झेंडूची रोपे कुंडीत गेली की माना का टाकतात?

प्रश्न : दसऱ्याला घरची फुले असावीत, म्हणून आषाढाच्या सुरुवातीला मी उंच झेंडूचे बी पसरट ट्रेमध्ये पेरले. उगवण चांगली झाली. रोपे बोटभर झाल्यावर एका दुपारी ती उपटून गच्चीवरच्या 14 इंची कुंड्यांमध्ये एकेक लावली, शेणखत व थोडा युरिया घातला आणि रोज पाणी दिले. आठ दिवसांत निम्मी रोपे बुडाशी काळी पडून आडवी झाली, उरलेली उन्हात मलूल दिसतात. माझे काय चुकले?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : आपल्या पत्रात दोन निराळी दुखणी आहेत आणि त्यांवरचे उपायही निराळे आहेत. दुपारी मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ होणारे रोप जिवंत आहे. उपटताना त्याची बारीक केशमुळे तुटली, पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी हवेत सोडत राहिली, आणि हा तोटा नवी मुळे फुटेपर्यंत भरून निघत नाही. अशा कुंड्या आजच सावलीत आणाव्यात आणि माती भिजलेली असेल तर जादा पाणी देऊ नये. बुडाशी काळे पडून, दोऱ्यासारखे बारीक होऊन कोलमडलेले रोप मात्र वाचत नाही. ही रोपांची मर होय. ती पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे होते आणि सतत ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत झपाट्याने पसरते.

ही ओल मोठ्या कुंडीमुळे वाढली, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटभर रोपाची मुळे एवढ्या मातीतले पाणी शोषू शकत नाहीत. त्यात श्रावणातली ढगाळ हवा आणि रोजचे पाणी, म्हणजे माती वाळायला अवधीच मिळत नाही. म्हणून लहान रोप आधी तळाला भोके पाडलेल्या कागदी पेल्यात किंवा चार इंची पिशवीत वाढवावे आणि पेल्याच्या कडेला पांढरी मुळे दिसू लागली की मगच मोठ्या कुंडीत न्यावे. उंच झेंडूला शेवटी 10 ते 12 इंची कुंडी पुरते, बुटक्या झेंडूला 6 ते 8 इंची. पहिल्या भांड्यासाठी पोयटा माती, चाळलेले व पूर्ण कुजलेले शेणखत आणि जाड वाळू किंवा कोकोपीट समभाग घ्यावे. कच्चे शेणखत तापते आणि कोवळी मुळे जाळते. युरिया तर या वयात मुळीच नको, कारण उरल्यासुरल्या मुळांनाही तो इजा करतो आणि पुढेही पानेच वाढवून फुले लांबवतो.

रोप हलवण्याची वेळ उंचीवरून नव्हे, तर पानांवरून ठरवावी. बी फुटल्यावर दिसणारी दोन साधी पाने ही बीजदले असतात. त्यांच्यानंतर कातरलेली खरी पाने येतात. अशी चार-पाच पाने झाली, म्हणजे पेरणीनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी, झेंडू हलवण्याजोगा होतो. तासभर आधी ट्रेला पाणी द्यावे, चमच्याच्या दांड्याने खालून रोप उचलावे आणि धरायचेच तर पानाला धरावे, देठाला कधीही नाही. फाटलेल्या पानाऐवजी दुसरे येते, पण चेंगरलेला देठ भरून येत नाही. मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटू देऊ नये. झेंडूच्या खोडाला मातीत मुळे फुटतात, म्हणून उजेडाअभावी लांबट झालेले निरोगी रोप बीजदलांच्या जरा खालपर्यंत गाडले तरी चालते, नव्हे, ते अधिक भक्कम होते.

हे काम संध्याकाळी करावे. लावल्यावर तळातून पाणी बाहेर येईपर्यंत एकदा भिजवावे, पुढचे पाणी मात्र बोटाचे एक पेर खोल माती कोरडी लागल्यावरच द्यावे. तीन-चार दिवस सावली, मग सकाळचे कोवळे ऊन आणि आठवड्याभरात पूर्ण ऊन, हा क्रम सोडू नये. मोठ्या कुंडीत रोप रुजून महिनाभराने शेंडा खुडला, तर बाजूच्या फांद्या फुटून फुले वाढतात, पण ती थोडी उशिरा येतात. पेरणीपासून फुलांपर्यंत बहुतेक जातींना अडीच ते तीन महिने लागत असल्याने आता नव्याने पेरून दसरा साधणे अवघड आहे. उरलेली रोपे जपावीत आणि कमी पडतील तेवढी तयार रोपे रोपवाटिकेतून आणावीत. ती घेताना फुललेली न घेता बुटकी, कळ्या न धरलेली घ्यावीत.

प्रश्न : झिनिया आणि तेरडाही असाच हलवावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तेरडा ओल्या हवेत खुशाल हलवावा, तो लगेच धरतो. झिनियाला मुळे दुखावलेली सोसत नाहीत. म्हणून त्याचे बी थेट कुंडीतच पेरावे, किंवा कागदी पेल्यात पेरून हुंडीसकट अलगद खाली सोडावे.